ब्लॅकपूलच्या चौपाटीवरचा माग

विलायतेहून परतल्याला आता वर्ष होत आलं, तरी भेटेल तो लंडनचंच विचारतो. राजवाडा आतून पाहिला का, जमिनीखालून आगगाडी खरंच धावते का, तिकडे अंघोळ करतात का. मी लंडनमध्ये एकूण सहा दिवस होतो आणि त्यातले दोन पडशात गेले, हे सांगून कोणाला पटत नाही. बाकीचे अकरा महिने मी लँकेशायरमधल्या बोल्टन नावाच्या गावात काढले. सोलापूरच्या ज्या गिरणीत मी विणकाम खात्यात नोकरीला आहे, तिच्या मालकांनी नवे माग शिकून यायला मला तिकडे धाडलं होतं. बोल्टनमध्ये पाहण्यासारखं फारसं काही नाही. गिरण्यांची धुराडी आहेत, ती आपल्याकडेही आहेत.

तेव्हा लंडनचं वर्णन दुसऱ्या कोणी लिहावं. मी लिहिणार आहे ते ब्लॅकपूलचं. तिकडचा कष्टकरी माणूस वर्षातला एक आठवडा समुद्रावर जातो, तो कसा जातो, काय खातो, कशाला हसतो, हे मी जवळून पाहिलं, आणि त्यातली गोडी अजून माझ्या जिभेवर आहे. त्याच आठवड्यात मी एक नीच काम केलं. तेही याच लेखात येईल, कारण ते घडलं तिथेच.

बोल्टन, शुक्रवार

मी होल्ट नावाच्या जोडप्याकडे राहत होतो. दोघंही पन्नाशीच्या पुढची. होल्ट एका गिरणीत जॉबर होते, म्हणजे आपल्याकडचे जॉबर असतात तेच, बिघडलेला माग दुरुस्त करणारे. होल्टबाई त्याच गिरणीत चार माग सांभाळत. पण हे मला कळलं तिसऱ्या दिवशी. पहिल्याच संध्याकाळी चहा ओतताना बाईंनी विचारलं, तुमचे वडील काय करतात? आणि मी म्हणालो, त्यांचा कापडाचा कारखाना आहे.

माझे वडील सोलापुरात साखर पेठेत राहत्या घरात खड्डामागावर बसून लुगडी विणतात. मागावर बसायला जमिनीत खड्डा, त्यात पाय सोडायचे, पायांखाली दोन पट्ट्या, हातात आडवं सूत नेणारा धोटा. घरात माग दोन. दुसऱ्यावर मी बारा वर्षांचा होईपर्यंत बसत होतो. मग हे कारखान्याचं कुठून आलं? बोटीवर माझ्या खोलीत मुंबईच्या बड्या घरची दोन मुलं होती, त्यांच्यापुढे मी हे पहिल्यांदा बोललो होतो. एकदा बोललेलं खोटं दुसऱ्यांदा बोलायला जड जात नाही. होल्टबाई प्रसन्न झाल्या आणि त्यांनी शेजारीपाजारी सांगितलं, की आमच्याकडे हिंदुस्थानातल्या गिरणीमालकाचा मुलगा उतरला आहे. तिसऱ्या दिवशी बाई कामावरून घरी आल्या त्या झग्याला सूत चिकटलेलं घेऊन, आणि मला कळलं की मी विणकरांच्या घरात विणकराचा मुलगा असल्याचं लपवून बसलो आहे. तेव्हाच हसून खरं सांगता आलं असतं. मी नाही सांगितलं.

आषाढाच्या सुमारास एका शुक्रवारी संध्याकाळी गावातले सगळे भोंगे एकदम वाजले आणि गिरण्या आठ दिवसांसाठी बंद झाल्या. ही त्यांची जत्रेची सुट्टी. पूर्वी म्हणे गावच्या देवळाच्या संताचा उत्सव असे. आपल्याकडे जत्रा भरली की लोक देवाकडे धावतात. त्यांनी देवाला गावातच ठेवलं आहे आणि सगळे समुद्राकडे धावतात. शनिवारी सकाळी धुराड्यांतून धूर नव्हता. समोरची टेकडी मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली. तिच्यावर मेंढ्या चरत होत्या, आणि मला उगीचच माळशिरसकडचा माळ आठवला.

होल्टबाई मला म्हणाल्या, तुम्ही एकटे घरी राहून काय करणार, चला आमच्याबरोबर. मी त्यांच्यामागे निघालो.

ब्लॅकपूल, शनिवार आणि रविवार

ब्लॅकपूलला हजारो माणसं उतरतात आणि प्रत्येकाचं घर ठरलेलं असतं. होल्ट जोडपं तेवीस वर्षं त्याच बाईकडे, त्याच खोलीत उतरत होतं. शेजारच्या खोलीत त्यांच्याच गल्लीतलं कुटुंब, त्याच्या पलीकडे त्याच गिरणीतलं. म्हणजे अख्खी गल्ली उचलून समुद्रावर मांडलेली. मी म्हटलं, आठ दिवस सुट्टी मिळते तर शेजाऱ्यांपासून लांब का जात नाही? होल्ट म्हणाले, मग बोलायचं कोणाशी?

तिथली जेवणाची रीत पाहून मी खूश झालो. प्रत्येक कुटुंब आपला शिधा बरोबर आणतं. चहा, साखर, लोणी, मांस, सगळं पत्र्याच्या डब्यांत, वर नावाची चिठ्ठी. घरमालकीण ते ज्याचं त्याला वेगळं शिजवून देते. चौदा कुटुंबांचे चौदा चहा. तुळजापूरच्या धर्मशाळेत आपापल्या तीन दगडांवर जो तो आपलं पिठलं रटरटवतो, त्यातलाच हा प्रकार, फक्त फुंकणारी एकच. मीही माझी शेंगाची चटणी बरणीत घालून वर चिठ्ठी लावली. होल्टनी ती तळलेल्या माशावर चमचाभर घेतली आणि पुढची दहा मिनिटं ते नळाशी होते. नंतर रोज मागून घेत, पण नखावर मावेल एवढीच.

एक गोष्ट मला रात्री झोपायला गेल्यावर कळली. तेवीस वर्षांची त्यांची ती खोली, जिच्या खिडकीतून समुद्र दिसतो, ती त्यांनी मला दिली होती. ते दोघं वर माळ्यावर झोपले होते. कारखानदाराच्या मुलाला अडचण नको म्हणून. मी नको म्हटलं, पण किती वेळा? दोनदा.

समुद्राचं काय सांगू? आम्ही सोलापूरचे लोक. उन्हाळ्यात सिद्धेश्वरच्या तळ्यात पाणी दिसलं तरी बरं वाटतं. समुद्र मी पूर्वी पाहिला होता तो मुंबईच्या धक्क्यावर, तेलकट, बोटींनी भरलेला. हा वेगळा. ओहोटीला हा इतका लांब मागे जातो की समुद्र गेला कुठे असं वाटावं. मैलभर ओली वाळू चकाकत असते. मग कोणाचं लक्ष नसताना परत येतो आणि खुर्च्यांचे पाय भिजवतो. रंग राखेचा. पाणी असं गार की पाय घातला तर दाढ ठणकते. आणि या पाण्यात बाया, म्हातारे, कारकून, जॉबर, सगळे विजारी नि झगे गुडघ्यापर्यंत वर करून उभे. होल्टनी रुमालाच्या चार कोपऱ्यांना चार गाठी मारून तो टकलावर बसवला होता. ऊन नव्हतंच. ती समुद्रावरची रीत आहे, म्हणाले.

सोलापूरच्या गड्ड्याच्या जत्रेत जे जे असतं ते सगळं तिथे होतं. पाळणे, बाहुल्यांचा खेळ, भविष्य सांगणाऱ्या बाया, गाढवांवर बसून फिरणारी पोरं. तिथली गाढवं आपल्या गाढवांपेक्षा स्वच्छ, पण चालण्यातला कंटाळा तोच. साखरेची एक जाड गुलाबी कांडी मिळते. ती कुठूनही मोडा, आत गावाचं नाव लिहिलेलं निघतं. मी विणकराच्या डोक्याने अर्धा तास विचार केला की हे अक्षर शेवटपर्यंत कसं नेत असतील.

रविवारी मीही विजार गुंडाळली. वाऱ्याने टोपी उडवली, तिच्यामागे धावलो, लाट आली आणि मी कमरेपर्यंत पाण्यात बसलो. पाच-पन्नास लोक हसले. एका अनोळखी जाड्या बाईने हात धरून मला उठवलं, आपल्या टॉवेलने माझी टोपी पुसली आणि पुन्हा हसली. आपल्याकडे माणूस पडला की आपण त्याच्याकडे पाहून हसतो. ती बाई माझ्याबरोबर हसत होती. मी अकरा महिन्यांत एवढा हसलो नव्हतो. या सहलीची सगळी गोडी मला त्या वेळी कळली. वर्षभर जो तो आपापल्या जागी असतो, आणि त्या आठ दिवसांत सगळ्यांचे पाय उघडे, सगळ्यांच्या टाचांना वाळू. कोणी कोणापासून काही लपवत नाही. लपवणारा त्या किनाऱ्यावर बहुधा मी एकटा होतो.

सोमवार

चौपाटीलगतच्या रस्त्यावर तंबूंची रांग होती. आत पिसवांची सर्कस, जगातली सगळ्यांत लठ्ठ बाई, दोन डोक्यांचं वासरू. त्यांच्या मधोमध एक पाटी: हिंदुस्थानच्या महाराजांचा राजविणकर, जिवंत पाहा. होल्ट जागीच थांबले. म्हणाले, सुट्टीत माग बघायचा नाही असं दरवर्षी ठरवतो. आणि आत शिरले. त्यांच्यामागे बाई, आणि बाईंमागे मी.

आत लाकडी ओटा. ओट्यावर खड्डामाग. जमीन खणता येत नाही म्हणून ओट्यालाच भोक पाडून त्यात विणकराचे पाय सोडलेले. त्याच्या अंगावर जरीचं जाकीट, डोक्यावर मोराचं पीस खोवलेला साटीनचा फेटा. पण धोटा टाकताना डावा खांदा किंचित खाली जात होता, तो आमच्या पेठेतला. आमच्याकडे सगळे असेच विणतात. मला बाहेर पडायला हवं होतं, पण दाराशी गर्दी होती.

त्याने वर पाहिलं. आधी तेलुगूत हाक मारली, तेलुगू मुलखातून आलेल्या आमच्या विणकरांच्या घरांत बोलतात त्या तेलुगूत. मी दुसरीकडे पाहिलं. मग त्याला वाटलं असावं की मला तेलुगू कळत नाही, म्हणून मराठीत म्हणाला,

"अन्ना, तुमी नरसय्यामामाचे थोरले न्हवं का? मी मल्लय्या. तुमच्या मागल्या गल्लीतला की."

मल्लय्या. मी सात-आठ वर्षांचा असताना त्याची आई आमच्या घरी सुताच्या कांड्या भरायला यायची, आणि तो तिच्या पदराला धरून असायचा. लंडनच्या कुठल्याशा प्रदर्शनासाठी एका दलालाने त्याला नेल्याचं कानावर होतं. त्यापुढे काही कळलं नव्हतं.

"अन्ना," तो म्हणाला, "माज्या आईला येक कागद लिवून पायजे हुता. मला लिवता येत न्हाय. वरीस होत आलं, म्हातारीला मी जित्ता हाय का न्हाय ते बी ठावं न्हाय."

होल्टबाईंनी उत्सुकतेने माझ्याकडे पाहिलं. तो काय म्हणतो आहे?

नरसय्या माझ्या वडिलांचं नाव. ते तोंडातून निघालं की कारखाना कोसळणार होता, आणि ती खिडकीची खोली, आणि अकरा महिने. मी इंग्रजीत म्हणालो, "हिंदुस्थानात पुष्कळ भाषा आहेत. ही मला येत नाही."

मल्लय्या वर्षभर इंग्रजांत राहिला होता. त्याला एवढं इंग्रजी कळलं. माझ्याकडे त्याने पाहिलं ते रागाने नव्हे. आपण भलत्याच माणसाला हाक मारली की काय, असं तपासून पाहिल्यासारखं पाहिलं. तेवढ्यात होल्टबाईंनी माझ्याकडे बोट करून त्यालाच सावकाश विचारलं, तुम्ही या गृहस्थांना ओळखता?

"नो मॅडम," मल्लय्या म्हणाला. "बिग साहेब." आणि खाली मान घालून धोटा टाकला.

होल्ट या सगळ्यात नव्हतेच. ते ओट्यावर वाकून त्याच्या पायांकडे बघत होते. ताण्याचा एक उभा धागा तुटला तेव्हा मल्लय्याने न पाहता दोन बोटांनी गाठ मारली आणि माग पुन्हा सुरू झाला. होल्टनी टोपी काढली. मी पाहिलं, ते टोपी काढून उभे होते.

त्या दिवशी संध्याकाळी मला जेवण गेलं नाही. समुद्राचं वारं बाधलं असेल, असं बाई म्हणाल्या आणि त्यांनी मला गरम दूध आणून दिलं.

मंगळवार

मंगळवारी दिवसभर पाऊस. तिकडे घरमालकिणीचा नियम असा की न्याहारी झाली की सगळ्यांनी बाहेर पडायचं, ते संध्याकाळच्या चहालाच परत यायचं. पाऊस असो की गारा. आपल्याकडे पाहुण्याला असं बाहेर काढलं तर सात पिढ्या बोलत बसतील. तिथे कोणी तक्रार करत नाही. चौपाटीवर काचेची छपरं बांधलेली आहेत, त्यांखाली सगळी बोल्टनची गल्ली ओल्या कोटांत ओळीने बसलेली, समोर राखेच्या रंगाचा समुद्र, राखेच्या रंगाचा पाऊस, आणि सगळे म्हणतात हवा काय छान आहे. फुफ्फुसाला चांगली. मी या लोकांच्या प्रेमात पडलो होतो, हे मला अशा वेळी कळायचं.

होल्ट माझ्याजवळ बसले होते. म्हणाले, त्यांच्या आजोबांचा घरात हातमाग होता. गिरण्या आल्या, हातमाग बसला, आणि एका हिवाळ्यात आजीने तो फोडून चुलीत घातला. आजोबा त्यानंतर कोणाशी फारसे बोलले नाहीत. काल त्या माणसाच्या पायांची चाल पाहिली आणि मला म्हातारा आठवला, म्हणाले. मग माझ्याकडे वळून त्यांनी अगदी सरळपणे सांगितलं,

"तुमच्या वडिलांच्या कारखान्यात असा एखादा माणूस असेल, तर त्याला जपायला सांगा."

मी बरं म्हटलं. असा माणूस माझ्या वडिलांच्या घरात आहे, तो माझा बाप आहे, एवढं वाक्य होतं. जिभेच्या टोकापर्यंत आलंही. मग कोणीतरी चहाचा थर्मास पुढे केला आणि मी तो घेतला. स्वतःची एवढी किळस मला आयुष्यात कधी आली नव्हती. खोटं बोलून काही मिळवलं असतं तर गोष्ट वेगळी. ज्यांच्यासमोर मला लाज वाटत होती, ती माणसं त्याच गोष्टीपुढे टोपी काढत होती.

बुधवार

बुधवारी सकाळी न्याहारी न करता मी तंबूकडे गेलो. मागच्या बाजूला, पिसवांच्या सर्कशीच्या पेट्यांच्या आडोशाला, मल्लय्या एका खोक्यावर बसून स्टोव्हवर भात शिजवत होता. अंगावर धोतर आणि घोट्यापर्यंत येणारा कोणाचा तरी जुना ओव्हरकोट. मला पाहून उठला. मी खिशातून कागद आणि टाक काढला. काय बोलायचं ते मी रात्रभर जुळवून ठेवलं होतं. 

"बसा की," तो म्हणाला. "आधी च्या घ्या."

सोमवारचा विषय त्याने काढलाच नाही. काढला असता, दोन शिव्या दिल्या असत्या, तर मी कुठेतरी पाय टेकले असते. त्याने दुसरं खोकं पुसून दिलं. आमच्याकडे बोलणं तेलुगूत आणि लिहिणं मराठीत, म्हणून मजकूर तो मराठीत सांगत होता, शाळेत न गेलेला माणूस कागदासाठी सांगतो तसा, जपून. तीर्थरूप आईस मल्लय्याचा शिरसाष्टांग नमस्कार. मी सुखरूप आहे. दलालाने प्रदर्शनानंतर दुसऱ्याच्या हवाली केलं. दसऱ्याला करार संपतो, मग बोटीत बसवून देतो असं मालक म्हणतो. भात मिळतो. इथे समुद्र आहे, फार मोठा. मग तो थांबला, भाताखालचा स्टोव्ह बारीक केला आणि म्हणाला,

"आनि असं लिवा. नरसय्यामामाचे थोरले हितं भेटले. धा गोऱ्या मानसांत त्येंनी मला हाक मारली. माज्या पाटीवर हात ठिवून सांगितलं, ह्यो आमच्या गल्लीतला हाय."

माझा टाक थांबला. "मल्लय्या, हे मी कसं लिहू?"

"लिवा की अन्ना. म्हातारीला वाटंल, पोराजवळ आपलं मानूस हाय. तिला झोप लागंल. आनि ती कागद घिऊन पयला तुमच्याच वडलांकडं जाईल. त्येंना बी बरं वाटंल."

मी मान वर केली नाही. ते वाक्य मी लिहिलं. माझं अक्षर चांगलं आहे, शाळेत त्याला बक्षीस मिळालं होतं. त्या चांगल्या अक्षरात, एकही खाडाखोड न करता, मी न केलेली ती गोष्ट लिहिली. मल्लय्याने शाईत अंगठा बुडवून खाली उठवला आणि कागद वाळेपर्यंत त्यावर फुंकर घालत राहिला. मी टपाल टाकायला निघालो तेव्हा त्याने भाताचं ताट पुढे केलं. मी खाल्लं. तिखट होतं, आमच्याकडचं होतं.

परतीची गाडी

शनिवारी परतताना डब्यात पोरं वाळूच्या बादल्या मांडीवर घेऊन झोपली होती. सगळ्यांची नाकं उन्हाशिवायच लाल झाली होती, ती कशाने ते देव जाणे. होल्ट पेंगत होते. मी होल्टबाईंना सगळं सांगितलं. कारखाना नाही, दोन हातमाग आहेत. त्या माणसाची भाषा मला येते, ती माझ्या आईची भाषा आहे. तो माझ्या शेजारचा आहे.

बाई फसवल्याबद्दल बोलतील, खोलीबद्दल बोलतील, अशी माझी तयारी होती. त्यांनी एका झोपलेल्या पोराच्या मांडीवरून घसरणारी बादली सरळ केली.  मग म्हणाल्या,

"तो आठवडाभर तिथे एकटा होता. तुम्ही त्याला चहाला का नाही आणलंत?"

एवढंच. उरलेल्या दिवसांत त्यांनी पुन्हा कधी तो विषय काढला नाही आणि माझ्याशी वागण्यात काही फरकही केला नाही. संध्याकाळी मात्र त्या चहा ओतायला लागल्या की मला त्यांच्याकडे बघवत नसे.

सोलापूर

श्रावणात मी परत आलो. स्टेशनवर वडील आले नव्हते, ताणा अर्धा होता म्हणून. घरी पोचलो तर पेठेतली पंचवीस-तीस माणसं ओसरीवर आणि मल्लय्याची आई पुढे. तिच्या हातात फडक्यात बांधलेला तो कागद. शाळेच्या मास्तरांनी तो तिला चार वेळा वाचून दाखवला होता. पण मास्तर भराभर वाचतात, म्हणाली. लिहिणारा आला आहे तर त्याने वाचावा, म्हणजे पोरगं कसं बोललं ते कळेल.

मी वाचला. वडील मागावर बसलेले होते, पाय खड्ड्यात, हात थांबलेले. ते वाक्य आलं तेव्हा मी क्षणभर थांबलो. सगळे माझ्याकडे कौतुकाने बघत होते. म्हातारीच्या डोळ्यांना धार लागली होती. मी तेही वाचलं, जसंच्या तसं. तिने माझ्या चेहऱ्यावरून हात फिरवून आपल्या कानशिलावर बोटं मोडली.  वडिलांनी धोटा टाकला, पण पहिल्या फेऱ्यात चुकला, आणि माझे वडील धोटा चुकत नाहीत.

त्यानंतर ही गोष्ट त्यांनी कोणाला सांगितली नाही ते विचारावं. सूत विकणाऱ्याला, रंगाऱ्याला, न्हाव्याला, अक्कलकोटच्या व्याह्यांना. धा गोऱ्यांत माझ्या पोरानं आपल्या गल्लीचं नाव घेतलं. दिवाळीनंतर मल्लय्या परत आला. आता तो त्यांच्याच दुसऱ्या मागावर बसतो, ज्यावर मी बसायचो. वडील ती गोष्ट सांगू लागले की तो धोटा न थांबवता म्हणतो, व्हय मामा. एकदाही त्याने माझ्याकडे पाहिलेलं नाही.

हा लेख छापायला देण्याआधी वडिलांना वाचून दाखवायचा, असं मी ठरवलं. त्यांना वाचता येत नाही. दुसऱ्या कोणाच्या तोंडून त्यांनी हे ऐकावं हे बरं नव्हे. या महिन्यात मी तीनदा कागद घेऊन मागाशेजारी जाऊन बसलो. तीनही वेळा त्यांनी काम थांबवून, हात पुसून, ऐकायच्या तयारीने विचारलं, "काय लिवलंस? समुद्राचं हाय का?"

आणि तीनही वेळा मी त्यांना समुद्राचंच वाचून दाखवलं.